निदानाची खतावणी

शरीरातून काढलेली गाठ फॉर्मॅलिनच्या बाटलीतून प्रयोगशाळेत पोहोचली, की तिची लांबी-रुंदी मोजली जाते. तिचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यात बसविले जातात, त्यांच्या केसापेक्षाही पातळ चकत्या काढून त्या रंगविल्या जातात आणि मग विकृतितज्ज्ञ, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट, सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करून अहवाल लिहितात. काही दिवसांनी तो कागद घरी येतो. घरातील मंडळींचे डोळे थेट शेवटच्या ओळीकडे जातात, कारण उपचाराची दिशा त्या ओळीवर ठरणार असते. पुढे तो कागद जुन्या क्ष-किरण चित्रांबरोबर कपाटातील पिशवीत पडून राहतो.

त्याच अहवालाची दुसरी प्रत मात्र निराळ्या वाटेने जाते. निदान कर्करोगाचे असेल आणि तो भाग एखाद्या कर्करोग नोंदणी केंद्राच्या कक्षेत येत असेल, तर केंद्राचा कर्मचारी ती प्रत वाचतो आणि तिचा सारांश काही अंकांत उतरवितो. स्तनाच्या वरच्या, बाहेरील चतुर्थांशात दुग्धनलिकेतून उगम पावून आजूबाजूच्या ऊतकांत शिरलेला कर्करोग असेल, तर त्याची नोंद 'सी ५०.४' आणि '८५००/३' अशी होते. या अंकांना संकेतांक किंवा कोड म्हणतात. अहवाल वाचून संकेतांक देण्याचे हे काम संगणकाकडून करून घेण्याचे प्रयत्न १९६० च्या दशकापासून चालू आहेत आणि गेल्या दहा वर्षांत त्यांना मोठा वेग आला आहे. वरवर पाहता हा कारकुनी विषय वाटेल. तथापि कोणत्या जिल्ह्यात कोणता कर्करोग किती आहे, तो वाढतो आहे की घटतो आहे, तपासणीची मोहीम कोठे घ्यावी, या सर्व प्रश्नांची उत्तरे याच अंकांची बेरीज करून मिळतात.

संकेतांकाची रचना समजून घेण्यास धनादेशाचा उपयोग होईल. धनादेशाच्या तळाशी चुंबकीय शाईने छापलेला नऊ अंकी एमआयसीआर क्रमांक असतो. त्यातील पहिले तीन अंक शहराचे, नंतरचे तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे. मुंबईचा क्रमांक ४०० ने सुरू होतो, पुण्याचा ४११ ने. प्रत्येक अंकसमूहाला स्वतःचा अर्थ असल्यामुळे यंत्राला बँकेचे नाव 'वाचावे' लागत नाही. कर्करोगाच्या संकेतांकाचेही असेच आहे. 'सी' अक्षरानंतरचे अंक शरीरातील स्थान सांगतात: सी ५० म्हणजे स्तन, सी ५३ म्हणजे गर्भाशयमुख, सी ०६ मध्ये गालाची आतील बाजू येते. दुसऱ्या संकेतांकातील पहिले चार अंक पेशींचा प्रकार सांगतात आणि तिरक्या रेघेनंतरचा एकच अंक त्या गाठीचे वर्तन सांगतो. शून्य म्हणजे निरुपद्रवी, एक म्हणजे वर्तन अनिश्चित, दोन म्हणजे कर्कपेशी असूनही मूळ जागेची मर्यादा न ओलांडलेली गाठ, तीन म्हणजे आक्रमक कर्करोग आणि सहा म्हणजे दुसरीकडून पसरून आलेला.

रेघेनंतरच्या या एका अंकावर फार मोठा भार आहे. ८५००/२ आणि ८५००/३ यांत केवळ एका अंकाचा फरक दिसतो. परंतु पहिली नोंद असलेली स्त्री जिल्ह्याच्या आक्रमक कर्करोगाच्या आकड्यात धरली जात नाही, दुसरी धरली जाते.

आजारांना क्रमांक देण्याची गरज व्यापाऱ्याच्या नजरेला प्रथम दिसली, हे या मासिकाच्या वाचकांना आवडेल. लंडन शहरात दर आठवड्याला मृत्यूंच्या याद्या प्रसिद्ध होत असत. जॉन ग्राँट हा किरकोळ कापडसामान विकणारा व्यापारी. त्याने या याद्या गोळा करून, दुकानाच्या वह्या तपासाव्यात तशा तपासून, १६६२ साली त्यांवर पुस्तक लिहिले. पुढे एकोणिसाव्या शतकात विल्यम फार यांनी तक्रार केली की एकाच आजाराला डॉक्टर तीन-चार नावांनी संबोधतात आणि त्यामुळे बेरजा निरर्थक ठरतात. १८९३ मध्ये फ्रान्सच्या झाक बर्तियों यांनी मृत्युकारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली. १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटनेने ती यादी आपल्याकडे घेतली. तिचीच दहावी आवृत्ती म्हणजे आज रुग्णालयांच्या कागदांवर दिसणारी आयसीडी-१०. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली आहे.

विकृतितज्ज्ञांना मात्र ही यादी अपुरी वाटे, कारण तिच्यात अवयव होता, पण पेशींचा प्रकार पुरेशा बारकाव्याने नव्हता. म्हणून १९६५ साली अमेरिकेतील विकृतितज्ज्ञांच्या महाविद्यालयाने स्नॉप नावाची स्वतंत्र परिभाषा तयार केली. तिच्यातून पुढे स्नोमेड ही विस्तृत परिभाषा जन्मली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७६ मध्ये केवळ कर्करोगासाठी आयसीडी-ओ ही स्वतंत्र संहिता काढली. वर दिलेले संकेतांक याच संहितेतील आहेत.

मुंबई आणि बार्शी

भारतातील पहिले लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी केंद्र १९६३ साली मुंबईत, इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केले. त्यामागे डॉ. दरब जस्सावाला यांची दृष्टी होती. १९८० च्या दशकाच्या आरंभी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम हाती घेतला आणि १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे, नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात, देशातील पहिले ग्रामीण केंद्र उभे राहिले.

अनेक पाश्चात्त्य देशांत रुग्णालये आपणहून केंद्राकडे माहिती पाठवितात. आपल्याकडे केंद्राचा कर्मचारी रुग्णालयोरुग्णालयी, प्रयोगशाळोप्रयोगशाळी जाऊन वह्या चाळतो. बार्शीच्या कर्मचाऱ्यांना त्यापुढेही जावे लागले. खेड्यातील रुग्ण रुग्णालयात पोहोचतच नसेल, तर त्याचा अहवाल तयार होणार कोठून? म्हणून हे कर्मचारी गावोगाव फिरले, लक्षणे असलेल्या माणसांना भेटले आणि त्यांना तपासणीस यावयास प्रवृत्त केले. इतक्या कष्टाने आलेला एकेक अहवाल चुकीच्या रकान्यात पडावा, हे कोणाला रुचेल?

या नोंदींचे मोल पुढे दिसून आले. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक मोठा अभ्यास झाला. गावांचे ५२ समूह करून त्यांना चार गटांत वाटण्यात आले. एका गटात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची पॅप तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगरमधील आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी आणि चौथ्या गटात नेहमीची व्यवस्था. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीमुळे त्या गटातील प्रगत अवस्थेतील कर्करोग आणि मृत्यू चौथ्या गटाच्या तुलनेत जवळजवळ निम्म्यावर आले होते. चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणीविना ठेवल्याबद्दल या अभ्यासावर पुढे टीकाही झाली आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. परंतु येथे मुद्दा इतकाच की कोणत्या स्त्रीला कर्करोग झाला आणि कोणाला नाही, हे नोंदणी केंद्राने अचूक नोंदविले म्हणून हा निष्कर्ष काढता आला. गर्भाशयमुखाच्या बाबतीत तर 'दोन' आणि 'तीन' हे वर्तनाचे अंक शेजारी-शेजारी राहतात. त्यांची अदलाबदल झाली असती, तर तपासणी निरुपयोगी ठरली असती किंवा अवाजवी गुणकारी.

अहवाल वाचणे म्हणजे काय

संगणकाला हे काम अवघड का जावे? अहवालात 'कार्सिनोमा' हा शब्द शोधावा आणि क्रमांक लिहावा, इतके ते सोपे नाही. एका काल्पनिक पण अगदी नेहमीच्या अहवालाकडे पाहू. नमुना आला आहे काखेतील लसिका ग्रंथीचा. वर डॉक्टरांनी लिहून पाठविलेली माहिती आहे: 'क्षयरोग की कर्करोग?' खाली वर्णन आहे: १४ ग्रंथी तपासल्या, ३ मध्ये कर्कपेशी आढळल्या. मग वाक्य येते: 'हा स्तनातून पसरलेला असण्याशी सुसंगत.' शेवटी: 'क्षयरोगाचा पुरावा नाही.' येथे तपासलेला अवयव आहे लसिका ग्रंथी; पण नोंदणी केंद्राला हवे असते मूळ स्थान, म्हणजे स्तन. क्षयरोगाचा उल्लेख दोनदा आहे आणि दोन्ही वेळा तो नाही. सरळसोट शब्दशोध करणारा संगणक या स्त्रीला क्षयरोगी ठरवील आणि तिचा कर्करोग काखेत लिहील.

शंकादर्शक शब्दांचा तर स्वतंत्र शास्त्रार्थ आहे. अमेरिकेतील नोंदणी केंद्रांच्या नियमपुस्तकात अशा शब्दांच्या दोन याद्याच दिल्या आहेत. 'कन्सिस्टंट विथ', 'सस्पिशस', 'प्रॉबेबल' हे शब्द कर्करोगाच्या नावाआधी आले, तर ते निदान धरावयाचे. 'पॉसिबल', 'सजेस्ट्स', 'रूल आउट' आले, तर धरावयाचे नाही. शिवाय हेच शंकादर्शक शब्द केवळ सुटया पेशींच्या, म्हणजे सायटॉलॉजीच्या, अहवालात आले तर पहिली यादीही लागू होत नाही. 'प्रॉबेबल' आणि 'पॉसिबल' या दोन शब्दांना सामान्य माणूस समानार्थी मानतो. नोंदणीत त्यांच्यामधून सीमारेषा जाते.

भारतातील अहवालांची आणखी एक गंमत आहे. ते इंग्रजीत असतात, पण ब्रिटिश वर्णलेखनात. अमेरिकन अहवालांवर शिकलेल्या संगणकाला 'ट्यूमर' आणि 'इसोफेगस' या शब्दांची वेगळी रूपे भेटतात. त्याहून बिकट आहेत ती संक्षेपाक्षरे. 'जीबीसी' म्हणजे उत्तर भारतातील गंगाकाठच्या रुग्णालयात बहुधा पित्ताशयाचा कर्करोग. तोंडाच्या कर्करोगाच्या विभागात त्याच तीन अक्षरांचा अर्थ हिरडी व गाल यांच्या सांध्यातील कर्करोग. 'एससीसी' म्हणजे 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा', क्रमांक ८०७०/३. परंतु घाईत 'स्मॉल सेल कार्सिनोमा' यासाठीही तीच अक्षरे वापरली, तर क्रमांक होतो ८०४१/३. फुप्फुसात दोन्ही प्रकार आढळतात, त्यांचे उपचार मात्र अगदी भिन्न आहेत. अनुभवी कर्मचारी आजूबाजूचा मजकूर पाहतो आणि तरीही शंका राहिली, तर प्रयोगशाळेत दूरध्वनी करतो.

यंत्राचे शिक्षण

पहिले गंभीर प्रयत्न अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमध्ये झाले. अर्नल्ड प्रॅट आणि मिलोश पाकाक यांनी १९६९ च्या सुमारास विकृतितज्ज्ञांच्या निदानवाक्यांना स्नॉपचे संकेतांक आपोआप देण्याची पद्धत मांडली. त्यांची कल्पना मोठी रम्य होती. वैद्यकीय इंग्रजी शब्द बहुधा ग्रीक-लॅटिन घटकांनी बनलेले असतात. त्यांचा शेवट सुटा केला, की अर्थ उलगडतो. मराठी वाचकाला हे चटकन उमजावे, कारण आपली परिभाषाही तशीच घडली आहे: जठर अधिक दाह म्हणजे जठरदाह, आंत्रपुच्छ अधिक दाह म्हणजे आंत्रपुच्छदाह. इंग्रजीत 'आयटिस' दिसले की दाह आणि 'ओमा' दिसले की गाठ. संगणकाला सारा कोश पाठ करविण्यापेक्षा संधिविग्रह शिकविणे त्यांना शहाणपणाचे वाटले.

पण भाषेला अपवादांची हौस असते. 'हिमॅटोमा' म्हणजे नुसते साकळलेले रक्त. 'ग्रॅन्युलोमा' ही दाहाची एक रचना आहे, तिचा कर्करोगाशी संबंध नाही. 'मेलॅनोमा' मात्र नावाने सौम्य वाटला, तरी अत्यंत आक्रमक. अपवादांसाठी नियम, त्या नियमांना पुन्हा अपवाद, असे करीत या प्रणाली वाढत गेल्या. नकाराचा प्रश्न तर तीन दशके रेंगाळला. २००१ मध्ये पिट्सबर्गच्या वेंडी चॅपमन व सहकाऱ्यांनी 'नेगएक्स' नावाची एक साधी रीत दिली: 'पुरावा नाही', 'आढळले नाही' अशा शब्दसमूहांची यादी करावयाची आणि त्यांच्या आसपासच्या ठरावीक शब्दांपर्यंत नकार लागू धरावयाचा. रीत इतकी सुटसुटीत होती की ती जगभर वापरली गेली.

आजची दिशा निराळी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा 'सीअर' हा नोंदणी कार्यक्रम १९७३ पासून चालू आहे. म्हणजे माणसांनी वाचून, तपासून संकेतांक दिलेल्या अहवालांचा प्रचंड साठा तेथे आहे. ओक रिज येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेने आपले महासंगणक या साठ्यावर चालविले. येथे संगणकाला नियम कोणी सांगत नाही. लक्षावधी अहवाल आणि त्यांना माणसांनी दिलेली उत्तरे त्याच्यापुढे ठेवली जातात आणि तो स्वतःच दुवे शोधतो. प्रत्येक अहवालातून त्याने पाच गोष्टी सांगावयाच्या असतात: अवयव, त्या अवयवातील नेमका भाग, डावी बाजू की उजवी, पेशींचा प्रकार आणि वर्तन. यांपैकी पेशींचे प्रकारच पाचशेहून अधिक आहेत.

या प्रकल्पातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट कोणती असेल, तर संगणकाला 'सांगता येत नाही' असे म्हणण्याची मुभा देणे. अचूकतेची पातळी आधी ठरविली जाते. त्या पातळीइतकी खात्री असलेलेच अहवाल यंत्र स्वतः निकालात काढते. बाकीचे माणसाच्या मेजावर जातात. शाखेतील रोखपालाला प्रत्येक सहीबाबत निर्णय घ्यावा लागत नाही. शंकास्पद सही तो अधिकाऱ्याकडे पाठवितो. जो रोखपाल कधीच काही वर पाठवीत नाही, त्याच्याविषयी अधिकारी निश्चिंत नसतो, उलट अधिक सावध असतो. मोबाइलवर प्रश्न विचारता येणारी नवी बोलकी यंत्रे याबाबतीत अजून कच्ची आहेत. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय येथील संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा यंत्रांना आजाराचे अधिकृत वर्णन देऊन फक्त त्याचा संकेतांक विचारला होता. हे विकृतितज्ज्ञांचे अहवाल नव्हते, केवळ कोशातील वर्णने होती. तरीही त्यांतील सर्वोत्तम यंत्राचे अचूक उत्तर निम्म्याहून कमी वेळा आले आणि चुकीचे उत्तरही त्याच आत्मविश्वासाने आले.

तेरीज जुळते, तरीही

या मासिकाच्या अनेक वाचकांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पेढीचा व्यवहार झाला आहे. रोजकीर्द लिहावी, खतावणी करावी, तेरीज मांडावी हे त्यांना सांगावयास नको. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे, असा नवशिक्याचा समज असतो. मुरलेल्या मुनिमाला ठाऊक असते की दुरुस्तीचा खर्च यंत्रसामग्रीच्या खात्यावर पडला, तरी तेरीज जुळतेच. लेखाशास्त्रात हिला तत्त्वविषयक चूक म्हणतात. ती बेरजेने सापडत नाही; मूळ पावती काढून पाहिली, तरच सापडते.

संकेतांकांची चूक नेमकी या जातीची आहे. जिभेच्या मुळाचा कर्करोग सी ०१ आणि जिभेच्या पुढील भागाचा सी ०२. एकाचा दुसऱ्यात गेला, तरी वर्षअखेरीस तोंड-घशाच्या कर्करोगांची एकूण बेरीज तीच राहील. परंतु पुढील भागाच्या कर्करोगात तंबाखूचा वाटा मोठा असतो, तर जिभेच्या मुळाच्या कर्करोगात काही वेळा एचपीव्ही विषाणू कारणीभूत असतो. तंबाखूविरोधी मोहिमेचे फळ मोजणाऱ्याला त्यामुळे चुकीचे चित्र दिसेल. पुरुषाच्या नावे गर्भाशयाचा कर्करोग किंवा स्त्रीच्या नावे प्रोस्टेटचा, असल्या ढोबळ चुका तपासणीचे संगणकीय कार्यक्रम लगेच पकडतात. आतून सुसंगत असलेली चूक त्यांना दिसत नाही.

टक्केवारीनेही फसगत होते. समजा, हजार अहवालांत एका दुर्मीळ प्रकाराचे पाचच अहवाल आहेत. यंत्राने ते पाचही चुकविले आणि उरलेले सर्व बरोबर ओळखले, तर त्याची अचूकता ९९.५ टक्के भरेल. जाहिरातीत हा आकडा शोभून दिसेल. त्या दुर्मीळ आजाराच्या दृष्टीने मात्र यंत्राचे गुण शून्य आहेत. लहान मुलांचे अनेक कर्करोग अशा दुर्मीळ प्रकारांत मोडतात. म्हणून एकूण अचूकतेबरोबर प्रत्येक प्रकाराची अचूकता वेगळी मागावी. ती देण्यास कोणी टाळाटाळ करीत असेल, तर त्याचे यंत्र घेऊ नये.

यंत्राने सुचवावे आणि माणसाने तपासावे, हा मध्यममार्ग सर्वांना सुरक्षित वाटतो. बँकेतही एकाने नोंद करावयाची आणि दुसऱ्याने मान्य करावयाची, अशीच रीत असते. पण संध्याकाळी पाच वाजता तीनशेव्या पावतीवर सही करताना दुसरा अधिकारी पावती किती वाचतो, हे त्या खुर्चीवर बसलेल्यांना विचारावे. समोर तयार उत्तर असले, की नजर त्याच्याकडे झुकते. त्यापेक्षा काही अहवाल यंत्राचे उत्तर न दाखवता कर्मचाऱ्याला द्यावेत आणि नंतर दोन्ही उत्तरे ताडून पाहावीत, ही पद्धत खर्चिक असली तरी खरी तपासणी तीच करते.

एक धोका खासगीपणाचाही आहे. अहवालांच्या मजकुरातून शिकताना यंत्र रुग्णाचे वा डॉक्टरांचे नावही लक्षात ठेवू शकते. ओक रिजच्या संशोधकांनी यावर एक उपाय अभ्यासला: जो शब्द मोजक्याच रुग्णांच्या अहवालांत येतो, तो यंत्राच्या शब्दसंग्रहातून वगळावयाचा. भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. रुग्णालयांचे अहवाल यंत्राच्या शिक्षणासाठी देताना त्याची जाण ठेवावी लागेल.

आपल्याकडे

या क्षेत्रातील भारताचे एक महत्त्वाचे केंद्र पुण्यात आहे. स्नोमेडच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा भारत २०१४ मध्ये सदस्य झाला, त्यामुळे देशातील रुग्णालयांना व संगणक कंपन्यांना ही परिभाषा विनाशुल्क वापरता येते. तिचे वितरण व मार्गदर्शन करणारे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. मात्र परिभाषा उपलब्ध असणे आणि प्रयोगशाळेतील अहवाल तिच्यात उतरणे यांत बरेच अंतर आहे. लहान शहरांत अहवाल छापील नमुन्यावर हाताने लिहिले जातात किंवा कागदाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर पाठविले जाते. यंत्राने आधी ते छायाचित्र वाचावयाचे, मग अर्थ लावावयाचा. पहिल्याच पायरीवर ३ चा ८ झाला, तर पुढील सारी हुशारी वाया जाते. नेदरलँड्समध्ये १९७१ साली स्थापन झालेल्या 'पाल्गा' या राष्ट्रीय संग्रहाने निराळा मार्ग धरला: विकृतितज्ज्ञच निष्कर्षाबरोबर ठरावीक संज्ञांत सारांश लिहितो. मूळ लेखकाने चार शब्द शिस्तीने लिहिले, तर नंतर यंत्राला तर्क लढवावा लागत नाही. आपल्याकडील मोठ्या प्रयोगशाळांनी महागड्या यंत्राआधी ही स्वस्त शिस्त अंगीकारली, तर अधिक लाभ होईल.

घरातील तरुण मुलामुलींचाही या विषयाशी संबंध आहे. वैद्यकीय कोडिंग हा परदेशी रुग्णालयांसाठी चालणारा मोठा व्यवसाय भारतात उभा आहे आणि जीवशास्त्राचे अनेक पदवीधर त्यात शिरतात. ज्यांनी केवळ यादीतून क्रमांक शोधणे शिकले, त्यांचे काम यंत्र प्रथम घेईल. शरीररचना, कर्करोगाचे वर्गीकरण आणि शंकादर्शक शब्दांचे नियम ज्यांना अवगत आहेत, त्यांच्याकडे यंत्राने नाकारलेले अहवाल येतील. ते अहवाल कठीण असतात, म्हणून त्यांचे वेतनही त्या मानाने ठरले पाहिजे. तसे अद्याप सर्वत्र होत नाही.

विमाधारक कुटुंबांनी एक गोष्ट अवश्य पाहावी. आरोग्य विम्याच्या दावा-अर्जाच्या ज्या भागात रुग्णालय माहिती भरते, तेथे निदानाचा आयसीडी-१० संकेतांक लिहिण्याची जागा असते. पुष्कळदा रुग्ण घरी सोडताना ऊतकतपासणीचा अहवाल आलेला नसतो. त्यामुळे कागदावर एन ६३, म्हणजे 'स्तनातील गाठ, अधिक तपशील नाही', असा संकेतांक पडतो. आठवड्याने अहवाल येतो आणि निदान सी ५० ठरते. पुढील औषधोपचारांचे दावे सी ५० खाली जातात, पहिला दावा एन ६३ खाली राहतो आणि विमा कंपनीकडून खुलासा मागणारे पत्र येते. अंतिम अहवाल हाती येताच त्याची प्रत रुग्णालयाच्या नोंदणी विभागाकडे द्यावी, संकेतांकात दुरुस्ती करून मागावी आणि दुरुस्त प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. अहवालाची मूळ प्रत, प्रयोगशाळेचा नमुना क्रमांक आणि मेणाचे ठोकळे कोठे ठेवले आहेत याची माहिती एकत्र जपून ठेवावी. दुसऱ्या विकृतितज्ज्ञाचे मत घेण्याची वेळ आली, तर ते ठोकळेच पुन्हा मागविले जातात.